सोसायटीत, गल्लीत, वस्तीत कोविडच्या आठवणीची जागा करायचीय? सुरुवात कुठून करायची ते सांगते

आमच्या पुण्यातल्या, धनकवडीतल्या सोसायटीत मागच्या गेटजवळ एक बकुळ आहे, त्याच्याभोवती बसता येईल असा पार बांधलाय आणि पाराच्या एका अंगाला काळ्या दगडावर १४ नावं आहेत. १३ एकदम कोरलेली आणि एक नंतरचं, त्याच्याबद्दल शेवटी सांगते. हे सगळं व्हायला आम्हाला जवळजवळ पावणेदोन वर्षं लागली. त्यातलं दगडाचं, झाडाचं, बांधकामाचं काम जेमतेम दोन महिन्यांचं होतं, बाकीचा सगळा वेळ माणसांशी बोलण्यात गेला. आता आजूबाजूच्या सोसायट्यांमधून, पेठेतल्या एका मंडळाकडून "तुम्ही कसं केलं, आम्हाला पण करायचंय" असे फोन येतात, प्रत्येकाला तेच तेच सांगते, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

आधी मला हे का करावंसं वाटलं ते सांगते, कारण तुम्हालाही मीटिंगमध्ये हा प्रश्न येणारच. "कशाला त्या आठवणी उकरायच्या" असं कोणीतरी म्हणतंच, आणि ते वाईट मनाने म्हणत नाही. माझ्या आजीच्या माहेरी १९१८ च्या साथीत, ज्याला गावाकडं मानमोडी म्हणायचे, घरातली बरीच माणसं गेली. देशात त्या साथीत एक कोटीहून जास्त लोक गेले. आणि आमच्या घरात आज एकालाही त्यातलं एकसुद्धा नाव माहीत नाही, किती जण गेले तेही नक्की माहीत नाही, फक्त "मानमोडीत गेली" एवढं वाक्य उरलंय. दोन पिढ्यांत नावं जातात. पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला, तेव्हा पाणी कुठपर्यंत आलं होतं त्याच्या खुणा नदीकाठच्या काही जुन्या भिंतींवर लोकांनी करून ठेवल्या म्हणून तरी मुलं विचारतात की हे काय आहे. कोविडची अशी खूण आपल्याकडे कुठंय? शिवाजीनगरला सीओईपीच्या मैदानावर २०२० च्या ऑगस्टमध्ये ८०० बेडचं जम्बो हॉस्पिटल उभं राहिलं, तिथं किती घरांचं काय काय झालं, आणि तो तंबू कधीच उतरला.

राज्यातले पहिले पेशंट पुण्यात सापडले, ९ मार्च २०२० ला, होळीच्या दिवशी, आणि नायडू हॉस्पिटलला ॲडमिट झाले. व्हायरसवर काम करणारी एनआयव्ही पुण्यात, कोविशील्डच्या गाड्या निघाल्या त्या पुण्यातून. म्हणजे या शहराकडे सांगण्यासारखं खूप आहे, पण मी तुम्हाला शहराचं स्मारक करायला सांगत नाहीये. मी म्हणतेय तुमच्या जिन्यातल्या, तुमच्या गल्लीतल्या माणसांची जागा करा. ते काम महापालिका करू शकत नाही, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना बुधवारी कुठली भाजी लागायची ते महापालिकेला माहीत नसतं.

आधी चार माणसं, कमिटी नको

तीन-चार जण पुरेत. एकजण असा हवा ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, एकजण जो खूप वर्षं तिथं राहतोय आणि सगळ्यांना ओळखतो, एखादा कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी जी फोन, टायपिंग, फाइली हे सांभाळेल. आमच्यात एक रिटायर्ड नर्स होत्या आणि त्यांचा खूप उपयोग झाला, कारण लोक त्यांच्याशी मोकळं बोलायचे. चेअरमन-सेक्रेटरींना विश्वासात घ्या, पण हे काम त्यांच्या नावावर करू नका, निवडणूक झाली की माणसं बदलतात आणि काम अर्ध्यात राहतं.

वॉचमन, सफाईवाल्या मावशी, कचरा उचलणारे दादा यांच्यातलं कोणीतरी पहिल्या दिवसापासून सोबत असू द्या. उद्घाटनाला बोलावून शाल देणं वेगळं आणि आधीपासून सोबत घेणं वेगळं. त्या महिन्यांत आपण दारं लावून आत बसलो होतो आणि ही माणसं रोज येत होती, कोणाच्या घरी काय चाललंय ते त्यांनाच जास्त माहीत होतं.

मग वही. दगडाचा विचारसुद्धा इतक्यात नको

एक जाड, बांधणीची, रेघांची वही आणा. पहिल्या पानावर फक्त काळ लिहा, मार्च २०२० पासून कधीपर्यंत ते तुमचं तुम्ही ठरवा, आम्ही मार्च २०२२ पर्यंत धरलं. आणि मग घरोघरी जा. ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून हे होत नाही, आम्ही टाकला होता, १२० फ्लॅटमधून ३ उत्तरं आली. दारात जाऊन बसलो तेव्हा लोक बोलले, आणि बहुतेक ठिकाणी पहिल्या भेटीत नाही, दुसऱ्या भेटीत बोलले.

जाताना दोघांनी जा. आधी फोन करून वेळ ठरवा. सणाच्या आसपास, त्या माणसाच्या वर्षश्राद्धाच्या आसपास जाऊ नका, जोपर्यंत ते स्वतः म्हणत नाहीत तोपर्यंत. "कसे गेले" हा पहिला प्रश्न नको. "कसे होते" हा विचारा. मी हे एका घरी चुकले होते, पहिलाच प्रश्न हॉस्पिटलचा विचारला आणि त्या मुलाचा चेहराच बंद झाला, पुढे अर्धा तास आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो. महिन्याभराने परत गेले तेव्हा फक्त म्हटलं, "तुमचे बाबा गच्चीत पेपर वाचत बसायचे ना", आणि तो दीड तास बोलला.

आता कोणाचं नाव घ्यायचं, याच्यावर तुमच्याकडे सगळ्यात जास्त चर्चा होईल. आमच्याकडे झाली, आणि मला वाटतं ती व्हायलाच हवी.

कागदावर कोविड नसलेली माणसं घ्यायची का? घ्यायची. बऱ्याच सर्टिफिकेटवर हार्ट अटॅक, न्यूमोनिया असं काहीतरी लिहिलेलं आहे. गेलेल्यांच्या घरच्यांना द्यायच्या ५० हजारांच्या मदतीसाठी सरकारने मृत्यू टेस्टनंतर ३० दिवसांच्या आत हवा वगैरे नियम लावले होते, ते पैशाच्या वाटपासाठी लागतात, आपल्या वहीला ते लावायची गरज नाही. २०२०-२१ या दोन वर्षांसाठी डब्ल्यूएचओचा भारतातल्या मृत्यूंचा अंदाज ४७ लाखांच्या आसपास होता आणि सरकारी आकडा ५ लाखांच्या आत, सरकारने तो अंदाज मान्य केला नाही. तो वाद तिकडे चालू दे. तुमच्या बिल्डिंगमध्ये कोण गेलं हे तुम्हाला कोणाच्या आकड्यावरून ठरवायचं नाहीये. आणि ज्यांना कोविड झालाच नव्हता पण डायलिसिस चुकलं, बेड मिळाला नाही, ॲम्ब्युलन्स आली नाही, तेही त्याच काळाने नेलेले. आमच्या यादीत अशी दोन नावं आहेत.

भाडेकरू घ्यायचे का? घ्यायचे. दोन वर्षं राहून गेलेलं कुटुंब असलं तरी.

आणि आमच्याकडे खरी अडचण आली ती वॉचमन मामांची. ते रात्रपाळीला होते, लॉकडाऊनमध्ये पण इथंच पार्किंगमधल्या खोलीत राहिले, दुसऱ्या लाटेत आजारी पडून गावाला गेले आणि तिकडंच वारले. एक-दोघांचं म्हणणं होतं की ते सोसायटीचे मेंबर नव्हते आणि इथं वारले पण नाहीत. तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या आजी, ज्या मीटिंगमध्ये कधी बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "मला रोज रात्री दूध वर आणून द्यायचे ते, माझा मुलगा अमेरिकेत होता." एवढंच बोलल्या. नंतर कोणी विरोध केला नाही. मामांच्या घरच्यांचा फोन शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले, त्यांच्या मुलीला विचारूनच नाव घातलं आणि त्यांचं पूर्ण नाव आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दहा वर्षं रोज पाहिलेला माणूस. तुमच्याकडे पण असं कोणीतरी असेल, आत्ताच आठवून बघा.

तसंच बायकांच्या नावांचं. "अमक्याची आई", "बी विंगच्या काकू" असं सगळे ओळखतात. वहीत त्यांचं स्वतःचं नाव यायला हवं, आणि कसं लिहायचं, माहेरचं, सासरचं, फक्त नाव, ते घरच्यांना विचारा.

कोणी नको म्हटलं तर तिथंच थांबायचं. आमच्याकडे एक काकू म्हणाल्या, "त्यांचं नाव घालू नका हो, हार्ट अटॅक लिहिलंय, आणि आम्हाला परत तो विषय नको." आम्ही बरं म्हटलं, चहा घेतला आणि उठलो. एकदाही परत विषय काढला नाही. ज्या मुलांचे दोन्ही पालक गेलेत त्यांच्या बाबतीत तर फारच जपा, मोठ्या नातेवाइकांशी बोला, मुलांचे फोटो काढू नका, त्यांना कार्यक्रमात पुढे करू नका.

जागा कुठली

जिथून लोक रोज जातात पण जिथं थांबायला हरकत नाही अशी. गेटच्या अगदी तोंडाशी नको, तिथं डिलिव्हरीवाले, स्कूलबस, हॉर्न. क्लब हाउसच्या मागचा कोपरा पण नको, सहा महिन्यांत तिथं जुन्या कुंड्या आणि फरशीचे तुकडे येऊन पडतात. आम्ही मागचं गेट निवडलं कारण सकाळी फिरायला जाणारे तिथून जातात आणि दुपारी सावली येते. निवडायच्या आधी वेगवेगळ्या वेळी तिथं खुर्ची टाकून पंधरा-पंधरा मिनिटं बसून बघा, मे महिन्यात दुपारी दोन वाजता पण बसा. जमिनीखालून पाण्याची लाइन, ड्रेनेज, केबल कुठून जाते ते प्लंबरला विचारून घ्या, हे आम्ही आधी विचारलं म्हणून खड्डा एकदाच खणावा लागला.

वस्तीत किंवा पेठेत एवढी जागा मिळत नाही हे मला माहितीये. तिथं भिंत चालते. तालमीची, मंडळाच्या खोलीची, समाजमंदिराची, बुद्धविहाराची बाहेरची भिंत, दोन फूट रुंद असली तरी खूप झालं, खाली एक बाक. भवानी पेठ, कसबा पेठ एप्रिल २०२० मध्ये सील होत्या, पत्रे लावलेले, तिथल्या लोकांनी जे सोसलं ते आम्ही धनकवडीवाल्यांनी नाही, त्यामुळे तिथं अशी भिंत व्हावी असं मला मनापासून वाटतं. फक्त जागा एकाच धर्माची नको, किंवा असेल तर सगळ्यांना तिथं यायला अवघडल्यासारखं होणार नाही ना ते आधी विचारा. या शहरात मुस्लिम तरुणांनी सगळ्या धर्मांच्या मृतदेहांचे अंत्यसंस्कार केलेत, घरचे जवळ जाऊ शकत नव्हते तेव्हा. आठवणीच्या जागेत त्यांना परकं वाटलं तर ती जागा अपुरी आहे.

वाडा किंवा बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार असेल तर हे सगळं बिल्डरबरोबरच्या करारात लेखी घाला, नवीन प्लॅनमध्ये जागा दाखवून घ्या. तोंडी "हो हो, करू" धरू नका.

परवानग्या

सोसायटीच्या स्वतःच्या आवारात असेल तर जनरल बॉडीचा ठराव करून घ्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायची असते, तिच्या अजेंड्यावर हा विषय लेखी आणा, ऐन वेळच्या विषयांत ढकलू नका, कारण तोपर्यंत निम्मे लोक उठून गेलेले असतात आणि मग नंतर "आम्हाला विचारलंच नाही" होतं. ठरावात जागा, माप, अंदाजे खर्च आणि देखभाल कोण करणार एवढं हवं.

रस्त्यावर किंवा फुटपाथवर काही बांधायचा विचार करत असाल तर तो सोडा. सार्वजनिक रस्ते-फुटपाथवर पुतळे, बांधकामं यांना परवानगी देऊ नये असा सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा आदेश आहे. महापालिकेच्या बागेत झाड आणि बाक करायचा असेल तर उद्यान विभाग आणि तुमचं क्षेत्रीय कार्यालय, दोन्हीकडे लेखी अर्ज, पोच घेतलेली. महापालिका नागरिकांकडून आपापल्या भागातली कामं सुचवायला सांगते आणि बजेटमध्ये त्याला तरतूद करते, बाक, बागेतली छोटी कामं त्यात बसू शकतात, फॉर्म कधी निघतात ते क्षेत्रीय कार्यालयात विचारा.

आता झाड, पार, दगड

इटलीत बेर्गामो शहरात त्यांनी स्मारक म्हणून झाडंच लावली, १८ मार्च २०२१ ला, कारण वर्षभर आधी त्याच दिवशी तिथून लष्कराच्या ट्रकमधून शवपेट्या बाहेर न्याव्या लागल्या होत्या. झाडाचं चांगलं हे की ते कोणत्याच धर्माचं नसतं आणि त्याला रोज कोणीतरी पाणी घालावं लागतं, म्हणजे माणूस तिथं जातो.

पुण्यात बकुळ चांगली, वर्षभर हिरवी, सावली दाट, वास मंद. बहावा एप्रिल-मेमध्ये फुलतो, बरोबर दुसऱ्या लाटेच्या महिन्यांत, काही लोकांना तेच हवंसं वाटेल आणि काहींना नको वाटेल, विचारून ठरवा. ताम्हण पण सुंदर. पारिजातक छोट्या जागेत बरा. वड-पिंपळ पाराला शोभतात पण भिंत आणि पाइपलाइनजवळ नको. गुलमोहर नका लावू, पावसाळ्यात फांद्या मोडतात. आषाढात, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावा. आपल्याकडे खाली मुरूम लागतो म्हणून खड्डा तीन फूट लांब-रुंद-खोल तरी हवा, निघालेला मुरूम परत न भरता माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड. सहा-सात फुटांचं रोप आणा, लहान आणलं तर मुलांचा बॉल लागून मोडतं. पुढचे तीन उन्हाळे पाण्याची पाळी लावायची, आमच्याकडे वाराप्रमाणे सात घरं ठरलेली आहेत.

पार बांधताना खोडापर्यंत सिमेंट नेऊ नका, चारही बाजूंनी तीन फूट माती उघडी हवी, नाहीतर झाड गुदमरतं. उंची दीड फूट, त्याहून कमी केली तर म्हाताऱ्या माणसांना उठता येत नाही. एका बाजूला पाठ टेकायला आणि धरून उठायला पाइप लावा. व्हीलचेअर येईल असा सपाट रस्ता. वरती शहाबादी फरशी घातली तर टोकं घासून गोल करून घ्या.

दगडाचं जरा नीट ऐका. फ्लेक्स नको, दोन पावसाळ्यांत पांढरा पडतो. पितळेची पाटी चोरीला जाते. लंडनला थेम्स नदीच्या काठी पार्लमेंटसमोर २०२१ मध्ये लोकांनी एका लांबच लांब भिंतीवर प्रत्येक गेलेल्या माणसासाठी एक लाल बदाम हाताने रंगवला, दीड लाखाच्या वर, आणि नंतर लक्षात आलं की मार्करचा रंग उन्हापावसात उडतोय, तेव्हापासून व्हॉलंटियर दर आठवड्याला जाऊन टिकणाऱ्या रंगाने परत रंगवतायत. म्हणजे रंगवायचं ठरवलंत तर ते कायमचं काम आहे हे धरून चला. त्यातही चांगलं आहेच, हात लागत राहतात. पण आम्हाला तेवढी माणसं मिळणार नव्हती म्हणून आम्ही काळ्या दगडात कोरून घेतलं, खोल, नुसतं वरवर घासलेलं नाही, कारण वरवरचं त्यात भरलेल्या रंगावर टिकून असतं आणि रंग जातोच.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर मराठी फॉन्टचा घोळ होतो, ऱ्हस्व-दीर्घ, रफार, अर्धा र इकडचा तिकडे होतो. म्हणून कोरायच्या आधी कागदावर खऱ्या मापाचा प्रूफ मागा आणि तो कागद प्रत्येक घरी नेऊन सही घ्या. आमच्या प्रूफवर "सुशीला" चं "सुशिला" झालं होतं, आम्ही चौघांनी तीनदा वाचलं होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या मुलीने कागद हातात घेतला, नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आई दीर्घ लिहायची." मग बराच वेळ तिने बोट उचललंच नाही. आम्ही तसेच उभे होतो.

नावं पहिल्या नावाच्या अक्षराप्रमाणे लावा, अकारविल्हे. आधी कै., श्री., डॉ. काही नको, फ्लॅट नंबर नको, वय नको, कारण नको. खाली किंवा वर एक वाक्य पुरे. आमचं असं आहे: "२०२० ते २०२२ या काळात आपल्यातून गेलेली ही आपली माणसं." मोठमोठे शब्द, योद्धे, शहीद, अमर वगैरे आम्ही मुद्दाम टाळले, काहींच्या घरच्यांनीच सांगितलं की आमचे बाबा लढले वगैरे नाही हो, घाबरले होते. नावांखाली दगडाचा तिसरा हिस्सा मोकळा सोडा. का ते पुढे येईल.

आवाज, वस्तू, गोधडी

दगडावर फक्त नाव मावतं. बाकीच्यासाठी तुमची ती वही आहेच, प्रत्येकाला दोन-तीन पानं, घरच्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली असली तर फारच चांगलं. ज्यांना लिहायला नको वाटतं त्यांचं फोनवर रेकॉर्डिंग करा, पंखा बंद करून, फोन जवळ ठेवून, वीस मिनिटांच्या वर नको. फाइल व्हॉट्सॲपवर ऑडिओ किंवा फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी जाते. एक कॉपी ड्राइव्हवर, एक हार्डडिस्कवर, एक दुसऱ्याच्या घरी. दगडावर क्यूआर कोड लावायची आयडिया सगळ्यांना सुचते, लावा हवं तर पण त्याच्यावर विसंबू नका, लिंक बंद पडते आणि कोरा चौकोन राहतो. वहीची झेरॉक्स बांधून जवळच्या वाचनालयाला द्या, पुणे नगर वाचन मंदिरासारखी १८४८ पासूनची संस्था या शहरात आहे, अशा ठिकाणी विचारून बघा. कागद सव्वाशे वर्षं टिकतो, फोन पाच वर्षं.

फक्त गेलेल्यांचंच नको. रेमडेसिविरसाठी कोण कुठं रांगेत उभं होतं, कोणाचा डबा कोणी केला, मावशींना पगार कोणी दिला आणि कोणी नाही, हेही वहीत येऊ द्या. आमच्या वहीत एका घराने स्वतःहून लिहिलंय की आम्ही तेव्हा शेजाऱ्यांना लिफ्ट वापरू दिली नाही, त्यांची माफी मागायची राहिली. ते पान माझ्या दृष्टीने वहीतलं सगळ्यात मोलाचं आहे.

वस्तू येतात, मास्क, ऑक्सिमीटर, ई-पास, हातावरच्या होम क्वारंटाइनच्या शिक्क्याचा फोटो, चष्मा. त्या उन्हात काचेच्या पेटीत लावू नका, कागद लॅमिनेट करू नका, फोटो काढून घ्या आणि मूळ वस्तू ज्याची त्याला परत द्या.

आणि गोधडी. ही कल्पना आमच्या सातारकडच्या एका आजींची. गेलेल्या माणसाच्या साडीचा, शर्टाचा, लुंगीचा एक फूट बाय एक फूट तुकडा, सगळं सुती असलं तर बरं, धुऊन घेतलेलं, आणि एकेका तुकड्यावर घरच्यांनी धावदोऱ्याने टाके घालायचे. दर रविवारी दुपारी चार ते सहा क्लब हाउसमध्ये बायका बसायच्या, नंतर दोन पुरुषही यायला लागले, सुईत दोरा ओवून द्यायचे. माझ्या वडिलांचा एप्रिल २०२१ मध्ये शेवटचा चेहराही आम्हाला बघता आला नाही, दुरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी दिसलं आणि पीपीई घातलेल्या चौघांनी नेलं. त्यांच्या निळ्या चौकड्याच्या शर्टाचा तुकडा मांडीवर घेऊन टाके घालताना मला पहिल्यांदा हाताला काहीतरी लागलं. शर्टाच्या खिशाचा भाग मी मुद्दाम ठेवलाय, त्यात ते पेन लावायचे तिथं शाईचा ठिपका आहे. गोधडी वर्षातून एकदाच बाहेर काढायची, एरवी सुती कापडात गुंडाळून कपाटात, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून.

पैसे

आमचा खर्च ४० हजारांच्या आत झाला, दगड आणि कोरणावळ हा मोठा भाग. दर घरी जास्तीत जास्त ५०० घ्यायचे असं ठरवलं, ज्यांना द्यायचे नाहीत त्यांनी नाही दिले, यादी लावली नाही. कोणा एकाकडून मोठी रक्कम घेऊ नका. देणगीदाराचं, पदाधिकाऱ्याचं, पुढाऱ्याचं कोणाचंच नाव तिथं लागणार नाही हे ठरावातच लिहा, नंतर नाही म्हणणं अवघड जातं.

पहिला दिवस

तारीख आम्ही १० मार्च घेतली. आदल्या दिवशी, ९ मार्चला, पुण्यातले पहिले पेशंट सापडले होते, आणि १० मार्च हा सावित्रीबाई फुल्यांचा स्मृतिदिन. १८९७ च्या प्लेगमध्ये त्या मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला स्वतः उचलून आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या आणि त्याच प्लेगने गेल्या. साथीत माणसाने माणसाला हात लावणं म्हणजे काय, ते पुण्यात तेव्हापासून माहीत आहे.

संध्याकाळी करा, पाऊण तासाच्या वर नको. भाषणं नकोत, माइक नको, स्पीकरवर भावगीतं नकोत. सगळे खाली किंवा पारावर बसले, घरच्यांनी आपापलं नाव वाचलं, ज्यांना वाचवेना त्यांचं कॉलेजच्या मुलीने वाचलं, मग दोन मिनिटं शांत. नंतर त्या त्या माणसाला आवडणारं काहीतरी प्रत्येक घराने आणलं होतं, साबुदाण्याची खिचडी, शेवयांची खीर, मामांसाठी त्यांच्या मुलीने गावाहून शेंगदाण्याची चटणी आणली होती. पहिल्या रांगेत घरचे आणि कामाला येणारी माणसं बसली.

कोणीतरी कोसळणार हे धरून चला. पाणी, एक बाजूला शांत खोली, आणि सोबत बसेल असं माणूस आधीच ठरवलेलं हवं, ते आमच्या नर्सबाईंनी केलं. ज्यांना खूपच त्रास होतोय त्यांना सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ सांगा, ती मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ॲम्ब्युलन्सच्या सायरनने अजून दचकणारी माणसं आहेत, म्हणून कुठल्याही प्रकारचे भोंगे, थाळ्या, फटाके नकोत.

नंतरचं

उद्घाटनानंतर लोक विसरतात, म्हणून एका कागदावर लिहून नोटीस बोर्डाच्या आतल्या बाजूला लावा: पाण्याच्या पाळ्या, दर महिन्याला दगड नुसत्या पाण्याने आणि कापडाने पुसणे, ॲसिड नाही, पावसाळ्याआधी फांद्या बघणे, वही कोणाकडे, गोधडी कोणाकडे, पासवर्ड कोणाकडे. पारावर मुलं खेळतात, आजोबा लोक पत्ते कुटतात, त्याला हरकत घेऊ नका. आमच्याकडे एकाने "पावित्र्य राखा" ची पाटी आणली होती, ती आम्ही लावली नाही. माणसं बसली पाहिजेत म्हणूनच तर पार बांधला.

आणि ते चौदावं नाव. ज्या काकूंनी नको म्हटलं होतं त्या वर्षभर रोज संध्याकाळी पारावर येऊन बसायच्या, दगडाकडे पाठ करून. गेल्या जूनमध्ये त्यांनी मला एक कागद दिला, वहीचं फाडलेलं पान, चार घड्या घातलेलं, त्यावर काकांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. "असंच लिहा," म्हणाल्या, "आणि मला प्रूफ दाखवा." पाथरवट जागेवर येऊन कोरून गेला, काकू तिथंच खुर्ची टाकून दोन तास बसल्या होत्या. म्हणून दगडावर जागा सोडायची, त्याच अक्षराचा कागदी नमुना आणि माप जपून ठेवायचं, आणि पाथरवटाचा नंबर फोनमध्ये नाही, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचा.